विषारी कचरा, दूषित माती आणि शुद्धीकरणाची नवी तंत्रे

इंदूरहून खांडव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सिमरोल हे गाव लागते. माळव्याच्या पठाराची ही दक्षिणेकडील कड होय. येथून पुढे घाट उतरून रस्ता चोरल ओलांडतो आणि नर्मदेच्या खोऱ्यात शिरतो. वर काळी जमीन, तिच्याखाली काळ्या पाषाणाचे थर आणि त्या पाषाणाच्या भेगांत साठलेले विहिरींचे पाणी, अशी या प्रदेशाची घडण आहे. महाराष्ट्राच्या फार मोठ्या भागाची घडणही अशीच आहे. सिमरोल येथे आज २००९ साली स्थापन झालेल्या इंदूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा विस्तीर्ण परिसर उभा आहे. तेथून पश्चिमेस, त्याच पठारावर, धार जिल्ह्यातील पीथमपूरचे औद्योगिक क्षेत्र आहे. विज्ञानाचे अध्ययन आणि कारखानदारी यांची ठाणी अशी एकमेकांच्या शेजारी वसलेली असताना, याच परिसरात २०२५ सालच्या पहिल्या सहामाहीत एका जुन्या व कठीण प्रश्नाने सर्वांची परीक्षा घेतली. तो प्रश्न होता विषारी औद्योगिक कचऱ्याच्या विल्हेवाटीचा.

भोपाळचा कचरा पीथमपुरात

भोपाळ येथील युनियन कार्बाइड कंपनीचा कीटकनाशकांचा कारखाना १९६९ साली सुरू झाला. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री तेथील टाकीतून सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू बाहेर पडला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्या रात्रीची आठवण सर्वांना आहे. परंतु कारखान्याच्या आवारातील जमिनीवर आणि जमिनीखाली कारखाना चालू असतानाच साचत गेलेल्या टाकाऊ द्रव्यांकडे त्या मानाने पुष्कळ उशिरा लक्ष गेले. अर्धवट तयार झालेली कीटकनाशके, भट्ट्यांच्या तळाशी उरलेला गाळ, नॅफ्थॉलचे अवशेष आणि या सर्वांनी माखलेली माती असे या कचऱ्याचे स्वरूप होते.

या कचऱ्याची विल्हेवाट लावावी यासाठी २००४ साली मध्य प्रदेश उच्च न्यायालयात अर्ज दाखल झाला. २००५ मध्ये आवारात उघड्यावर पडलेला कचरा गोळा करून गोदामात ठेवण्यात आला. त्यानंतरची वीस वर्षे तो कोठे न्यावा याचा निर्णय होऊ शकला नाही. गुजरातमधील अंकलेश्वरचा विचार झाला. तेथे विरोध झाला. २०११ मध्ये नागपूरजवळील बोरखेडी येथील संरक्षण संशोधन संस्थेच्या भट्टीचा प्रस्ताव पुढे आला. त्यास विदर्भात विरोध होऊन तोही मागे पडला. २०१२ मध्ये जर्मनीस कचरा पाठविण्याची बोलणी झाली, तीही फिसकटली. ऑगस्ट २०१५ मध्ये पीथमपूर येथील सामायिक केंद्रात दहा टन कचरा चाचणीदाखल जाळण्यात आला.

अखेर ३ डिसेंबर २०२४ रोजी उच्च न्यायालयाने चार आठवड्यांत कचरा हलविण्याचा आदेश दिला. १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा बंदिस्त पेट्यांतून सुमारे ३३७ टन कचरा भोपाळहून निघाला आणि सुमारे २५० किलोमीटरचा प्रवास करून दुसऱ्या दिवशी पीथमपुरास पोचला. तेथे तीव्र निदर्शने झाली. ३ जानेवारी रोजी आंदोलनात दोन व्यक्ती भाजल्या. केंद्राला लागून असलेल्या तारपुरा गावच्या रहिवाशांना भय वाटत होते ते आपल्या विहिरींचे, शेतांचे आणि मुलाबाळांचे. पुढे न्यायालयाच्या देखरेखीखाली फेब्रुवारीच्या अखेरीपासून १२ मार्चपर्यंत तीन चाचण्या झाल्या. त्यांत भट्टीत कचरा घालण्याचा वेग ताशी १३५, १८० व २७० किलोग्रॅम असा वाढवीत नेण्यात आला. उरलेला कचरा ताशी २७० किलोग्रॅम या वेगाने मे महिन्याच्या प्रारंभापासून जाळण्यात आला आणि जूनअखेर हे काम संपले.

येथे अधिकारी, शिक्षक आणि ग्रामस्थ या सर्वांनी विचार करावा असा प्रश्न उद्भवतो. कचरा जाळला म्हणजे तो नाहीसा झाला काय? या प्रश्नाचे उत्तर समजून घेण्यासाठी घातक कचऱ्याचे स्वरूप आणि त्यावरील प्रक्रियांची रीत पाहणे अगत्याचे आहे.

घातक कचरा कशास म्हणावे

प्रत्येक कारखान्यातून काही ना काही टाकाऊ पदार्थ निघतातच. त्यांतील जे विषारी असतात, पेट घेतात, धातू व कातडी खाऊन टाकतात अथवा इतर पदार्थांशी संयोग पावून स्फोट किंवा वायू निर्माण करतात, त्यांना घातक कचरा म्हणतात. रंगाच्या कारखान्यातील गाळ, धातूवर मुलामा देणाऱ्या कारखान्यातील क्रोमियम व सायनाइडयुक्त अवशेष, वापरून झालेले तेल, औषधनिर्मितीतील द्रावके आणि कीटकनाशकांचे अवशेष ही त्याची नेहमीची उदाहरणे होत.

प्रक्रियेच्या दृष्टीने या पदार्थांचे दोन गट पडतात. पहिला गट कार्बनयुक्त संयुगांचा. कीटकनाशके, तेले व द्रावके या गटात मोडतात. पुरेशी उष्णता अथवा योग्य जिवाणू मिळाल्यास ही संयुगे मोडून त्यांचे पाणी, कर्बवायू व क्षार असे साध्या पदार्थांत रूपांतर होऊ शकते. दुसरा गट शिसे, पारा, कॅडमियम, क्रोमियम, आर्सेनिक यांसारख्या मूलद्रव्यांचा. मूलद्रव्य कोणत्याही भट्टीत नष्ट होत नाही. कापूर जळाला की मागे काही उरत नाही. गोवरी जळाली की राख उरते. घातक कचऱ्यातील जड धातू या राखेप्रमाणे मागे राहतात, अथवा पाऱ्याप्रमाणे वाफ होऊन धुरात मिसळतात. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना हा एक भेद नीट समजावून दिला, तर या विषयाचा अर्धा भाग त्यांना उलगडेल.

भट्टीत काय घडते

घातक कचरा उघड्यावर जाळणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय त्यात मोठा धोका आहे. कमी उष्णतेत क्लोरिनयुक्त पदार्थ जळू लागले की डायॉक्सिन नावाची अत्यंत विषारी संयुगे तयार होतात. ती चरबीत साठतात आणि चारा, दूध व मासे यांच्यामार्फत माणसापर्यंत पोचतात. म्हणून शास्त्रीय भट्टीची रचना दोन कक्षांची असते. पहिल्या फिरत्या कक्षात घन कचरा जळतो व त्यातून वायू निघतात. दुसऱ्या कक्षात हे वायू सुमारे ११०० अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक उष्णतेत निदान दोन सेकंद ठेवले जातात, जेणेकरून त्यांतील संयुगे पूर्णपणे मोडतात.

परंतु वायू सावकाश थंड होऊ दिले, तर साधारणपणे ४५० ते २०० अंशांच्या दरम्यान डायॉक्सिन पुन्हा तयार होऊ शकते. यास्तव पाण्याच्या फवाऱ्याने वायू एकदम थंड करतात. त्यानंतर चुन्याच्या योगाने आम्लवायू मारले जातात, सक्रिय कोळशाच्या भुकटीत पाऱ्याची वाफ व उरलेसुरले डायॉक्सिन शोषले जाते आणि कापडी पिशव्यांच्या गाळणीत सूक्ष्म धूळ अडते. यानंतरच धूर उंच धुराड्यातून बाहेर सोडतात. धुराड्यात बसविलेली उपकरणे त्यातील वायू व धूळ सतत मोजीत असतात आणि त्यांची नोंद प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जात असते. डायॉक्सिन व पारा यांचे मापन मात्र वेगळे नमुने घेऊन करावे लागते. भारतात डायॉक्सिनची मर्यादा दर घनमीटर वायूत ०.१ नॅनोग्रॅम इतकी ठरविलेली आहे. एक नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. भट्टीची सुरक्षितता केवळ यंत्रावर अवलंबून नाही. वीज खंडित झाली, उष्णता घसरली, चुना वेळेवर पडला नाही, गाळणीची पिशवी फाटली, तर उत्तमातील उत्तम भट्टीही धोकादायक ठरते. त्यामुळे नोंदी प्रामाणिक असणे आणि त्या लोकांना पाहावयास मिळणे हा तंत्राचाच एक भाग मानला पाहिजे.

राखेचे काय करावयाचे

पीथमपुरात ३३७ टन कचरा जाळल्यानंतर ८५० टनांहून अधिक राख व अवशेष उरले. हा आकडा वाचून अनेकांना आश्चर्य वाटले. परंतु या कचऱ्यात न जळणाऱ्या मातीचे प्रमाण मोठे होते, आणि आम्लवायू मारण्यासाठी पुष्कळ चुना वापरावा लागला. त्या चुन्याचे क्षारही राखेत जमा झाले. कीटकनाशकांचा बहुतांश भाग मोडला, पण जड धातू या अवशेषांत राहिले. म्हणून राख हीदेखील घातक कचराच समजली जाते.

अशा राखेत प्रथम सिमेंट, चुना वा तत्सम पदार्थ मिसळून धातू अविद्राव्य स्वरूपात बांधून टाकतात. नंतर तिचा नमुना पाण्यात व सौम्य आम्लात घुसळून त्यातून किती धातू सुटतात हे पाहतात. परीक्षेत उतरलेली राख सुरक्षित भरावात पुरतात. साधा खड्डा आणि सुरक्षित भराव यांत महदंतर आहे. भरावाच्या तळाशी दाबून बसविलेल्या चिकणमातीचे थर, त्यांवर जाड प्लॅस्टिकचे अस्तर, पाझरलेले पाणी गोळा करणाऱ्या नळ्या आणि पहिले अस्तर फाटल्यास कळावे म्हणून त्याखाली दुसरे अस्तर अशी रचना असते. भराव पूर्ण झाला की वरूनही अस्तर व माती घालून पावसाचे पाणी अडवितात आणि सभोवतालच्या निरीक्षण-विहिरींचे पाणी पुढे तीस वर्षे तपासीत राहतात. पीथमपूरच्या रहिवाशांचा राखेविषयीचा प्रश्न या दृष्टीने पाहिल्यास तो अज्ञानातून आलेला नाही. तो तीस वर्षांच्या जबाबदारीचा प्रश्न आहे.

मातीचे मोठे गणित

भोपाळचा प्रश्न ३३७ टनांनी संपला असे मात्र नाही. नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्था यांनी केलेल्या पाहणीत, कारखान्याच्या परिसरातील सुमारे ११ लाख टन माती दूषित असल्याचा अंदाज २०१० मध्ये वर्तविण्यात आला. म्हणजे जाळला गेलेला कचरा दूषित मातीच्या सव्वातीन हजाराव्या हिश्श्याएवढा आहे.

ताशी २७० किलोग्रॅम या वेगाने ही माती भट्टीत घालावयाची म्हटले, तर भट्टी रात्रंदिवस चालूनही साडेचारशेहून अधिक वर्षे लागतील. हिशेब सोपा आहे. वरच्या वर्गातील विद्यार्थीही तो मांडू शकतील. यावरून असे दिसते की, गोदामातील कचरा आणि लाखो टन माती यांना एकच उपाय लागू पडत नाही. मातीसाठी निराळी, कमी खर्चाची आणि शक्यतो जागच्या जागी वापरता येतील अशी तंत्रे हवीत. स्वच्छ तंत्रज्ञान असे ज्यास म्हटले जाते, त्याचे खरे कार्यक्षेत्र येथे सुरू होते.

मातीच्या शुद्धीचे मार्ग

पहिला मार्ग उष्णतेचा, परंतु जाळण्याचा नव्हे. माती फिरत्या नळकांड्यात काहीशे अंशांपर्यंत तापवितात. तिच्यातील कीटकनाशके व द्रावके वाफ होऊन बाहेर पडतात आणि ती वाफ वेगळी पकडून नष्ट करतात. सर्व माती ११०० अंशांपर्यंत तापविण्याची आवश्यकता राहत नाही, त्यामुळे इंधन पुष्कळ वाचते.

दुसरा मार्ग माती धुण्याचा. विषारी द्रव्ये बहुधा मातीच्या अतिसूक्ष्म कणांना चिकटतात. पाणी व योग्य रसायने यांच्या साहाय्याने वाळू व खडे वेगळे केले की थोड्याच गाळावर पुढील प्रक्रिया करावी लागते. नदीकाठच्या रेताड जमिनीत ही रीत चांगली चालते. माळवा, विदर्भ व मराठवाडा येथील काळ्या जमिनीत मात्र चिकण कणांचे प्रमाणच अधिक असल्याने तिचा उपयोग मर्यादित ठरतो. शिवाय ही जमीन उन्हाळ्यात भेगाळते. पृष्ठभागावर टाकलेले विष पहिल्या पावसाबरोबर त्या भेगांतून खोल उतरते. परदेशात यशस्वी झालेले तंत्र जसेच्या तसे येथे आणून चालत नाही, याचे हे उत्तम उदाहरण होय. या मातीत प्रत्यक्ष प्रयोग करूनच तंत्राची निवड करावी लागते.

तिसरा मार्ग जिवाणूंचा. मातीत मुळातच असे जिवाणू असतात की जे तेल व अनेक कीटकनाशके अन्न म्हणून वापरतात. त्यांना हवा, ओलावा व नत्र-स्फुरद मिळाले की त्यांची वाढ झपाट्याने होते. शेणखताचा उकिरडा ज्या तत्त्वावर कुजतो तेच हे तत्त्व. दिल्लीच्या टेरी या संस्थेने तेल खाणाऱ्या जिवाणूंचा संच तयार केला असून तेलशुद्धीकरण कारखान्यांतील तेलकट गाळावर तो वापरण्यात आला आहे. या रीतीस महिने लागतात, पण खर्च थोडा येतो आणि माती मृत होत नाही. धातूंवर मात्र जिवाणूंचा हा उपाय चालत नाही. ते धातूंचे रूप बदलू शकतात, धातू नाहीसे करू शकत नाहीत.

चौथा मार्ग वनस्पतींचा. मोहरी व सूर्यफूल यांची मुळे काही जड धातू शोषून घेतात. नेच्याची एक जात आर्सेनिक मोठ्या प्रमाणात साठविते. वाळ्याची खोल जाणारी मुळे माती धरून ठेवून धूप व पाझर कमी करतात. येथे एक सावधगिरी अवश्य बाळगावी. अशा जमिनीतील पीक हा कचऱ्याचाच भाग असतो. त्याचे तेल गाळू नये, पाला गुरांना घालू नये आणि काड्या चुलीत घालू नयेत.

पाचवा मार्ग विष बांधून टाकण्याचा. क्रोमियम सहा-संयुजी स्वरूपात असते तेव्हा ते पाण्यात सहज विरघळते व फार घातक असते. लोहक्षार मिसळले की त्याचे तीन-संयुजी रूप होते. ते मातीस धरून राहते आणि पुष्कळ कमी अपायकारक असते. भूजलाच्या वाटेत लोखंडाच्या चुऱ्याची पुरलेली भिंत उभारूनही हाच परिणाम साधतात. लोखंडाच्या कारखान्यात टाकाऊ ठरणारे लोहक्षार येथे उपयोगी पडतात, ही त्यातील जमेची बाजू.

प्रत्यक्षात यांपैकी एकच मार्ग पुरेसा होत नाही. सर्वाधिक दूषित माती काढून तापविणे, मध्यम दूषित मातीवर जिवाणूंचा प्रयोग करणे, उरलेल्या भागावर आच्छादन व वृक्षारोपण करणे आणि भूजलावर दीर्घकाळ लक्ष ठेवणे अशी सांगड घालावी लागते. त्यासाठी आधी जमिनीचा नकाशा तयार हवा. कोठे, किती खोल आणि कोणते विष आहे हे ठाऊक नसता केलेला खर्च वाया जातो.

उगमापाशीच उपाय

शुद्धीकरणाचे तंत्र कितीही प्रगत झाले, तरी कचरा निर्माणच न होऊ देणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. कॉस्टिक सोड्याच्या निर्मितीत पूर्वी पारा वापरीत. पटलाची पद्धत आल्यावर पाऱ्याची आवश्यकता उरली नाही. एका कारखान्याचे वापरलेले आम्ल दुसऱ्याचा कच्चा माल होऊ शकते. २०१६ च्या नियमांत अशा वापरास परवानगीची तरतूद आहे. जळाऊ मूल्य असलेला कचरा सिमेंटच्या भट्टीत, जेथे द्रव्याची उष्णता १४०० अंशांवर असते, इंधन म्हणून वापरता येतो आणि त्याची राख सिमेंटमध्येच सामावली जाते. जे उरते त्यासाठी महाराष्ट्रात तळोजे, महापे, रांजणगाव व बुटीबोरी येथे सामायिक केंद्रे चालविली जातात.

कायदा आणि जबाबदारी

भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षण अधिनियम झाला आणि १९८९ साली घातक कचऱ्याविषयीचे पहिले नियम आले. सध्याचे नियम २०१६ चे आहेत. त्यांनुसार कारखान्याने घातक कचरा सर्वसाधारणपणे नव्वद दिवसांहून अधिक काळ साठवू नये. प्रत्येक पिंपावर त्याचे नाव व धोक्याची खूण असावी. वाहनाबरोबर कचरा कोठून निघाला व कोठे पोचावयाचा याची अनेक प्रतींतील पावती असावी.

खर्च कोणी करावयाचा हा प्रश्न राजस्थानातील बिछडी येथे ऐरणीवर आला. उदयपूरजवळच्या या गावी रसायनाच्या कारखान्यांतील गाळ उघड्यावर टाकल्यामुळे विहिरींच्या पाण्याचा रंग पालटला व ते पिण्याजोगे राहिले नाही. १३ फेब्रुवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, प्रदूषण करणाऱ्यानेच शुद्धीकरणाचा भार सोसावा, हे तत्त्व त्या प्रकरणी लागू केले. जुन्या दूषित जमिनींसाठी केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये स्वतंत्र नियम प्रसिद्ध केले. संशयित स्थळांची यादी स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासन यांनी करावी, प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्यांची तपासणी करावी आणि जबाबदार व्यक्तीकडून खर्च वसूल करावा, अशी त्यांची दिशा आहे.

गावाने घ्यावयाची दक्षता

या नियमांची यशस्विता गावपातळीवर ठरते. संशयित जागेची पहिली खबर बहुधा गुराख्याला किंवा पाणी भरणाऱ्या स्त्रीलाच लागते. म्हणून पुढील गोष्टी ध्यानी ठेवाव्यात.

रसायनांची रिकामी पिंपे धान्य अथवा पाणी साठविण्यासाठी घेऊ नयेत. कितीही धुतली तरी ती निर्धोक होत नाहीत. कारखान्याच्या आवारातील माती वा राख बांधबंदिस्तीसाठी, घराच्या जोत्यासाठी किंवा रस्त्याच्या भरावासाठी आणू नये. ओढ्यात, खाणीच्या खड्ड्यात किंवा पडीक जमिनीत रात्री कचरा टाकला गेल्याचे आढळल्यास त्यास हात लावू नये, तो पेटवू नये व गुरे तिकडे जाऊ देऊ नयेत. दिवस, वेळ, जागा व शक्य झाल्यास वाहनाचा क्रमांक लिहून ठेवून ग्रामपंचायत, तहसीलदार आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचे कार्यालय यांस लेखी कळवावे.

शाळेने गावातील विहिरी व कूपनलिका यांचा नकाशा करावा आणि दर पावसाळ्यापूर्वी व नंतर पाण्याचा रंग, वास व चव यांत पडलेला फरक ग्रामस्थांकडून विचारून लिहून ठेवावा. संशयास्पद पाणी मात्र चाखून पाहू नये. अशी पाच-दहा वर्षांची वही पुढे प्रयोगशाळेच्या अहवालाइतकीच मोलाची ठरते, कारण बिघाड केव्हा सुरू झाला हे अन्य कोणीही सांगू शकत नाही. अधिकाऱ्यांनी नमुने घेताना ग्रामस्थांसमक्ष पंचनामा करावा, बाटल्यांवर मोहोर लावावी आणि अहवालाची प्रत मराठीतून ग्रामपंचायतीत लावावी.

भोपाळचा कचरा गोदामात वीस वर्षे पडून राहिला, याचे कारण भट्ट्यांचा अभाव एवढेच नव्हते. अंकलेश्वर, नागपूर व पीथमपूर येथील लोकांना आपल्याला खरी माहिती मिळेल असा विश्वास वाटत नव्हता. तो विश्वास आयत्या वेळी बंदोबस्त ठेवून निर्माण होत नाही. भट्टीच्या धुराड्यावरील आकडे, भरावाखालच्या पाण्याचे अहवाल आणि विहिरींच्या नोंदी वर्षानुवर्षे उघड ठेवल्यानेच तो हळूहळू जमतो. भोपाळमधील लाखो टन माती अजून शुद्ध व्हावयाची आहे, आणि देशात अन्यत्रही अशा जमिनी आहेत. तारपुऱ्याच्या रहिवाशांनी विचारलेला प्रश्न त्या प्रत्येक ठिकाणी पुन्हा विचारला जाईल. त्याचे उत्तर देण्याची तयारी आतापासून ठेवणे हे शासनाचे, कारखानदारांचे आणि अभ्यासकांचे समान कर्तव्य आहे.